जागें न होणारें यंत्र

इसवी सन २०२० च्या ऑक्टोबरची १२ तारीख, सोमवार. सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें, नवी मुंबई व आसपासच्या विस्तीर्ण टापूंतील वीज एकाएकीं नाहींशी झाली. पडघ्याकडून कळव्याकडे येणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या दोन वाहिन्यांपैकीं एकीवर दुरुस्तीचें काम चाललें होतें. भार दुसरीवर होता, आणि ती दुसरीहि बंद पडली, असें सरकारतर्फे सांगण्यांत आलें. उपनगरी गाड्या रुळांवर जागच्या जागीं उभ्या राहिल्या, इस्पितळांना आपापल्या जनित्रांचा आश्रय घ्यावा लागला, मुंबई विद्यापीठाला त्या दिवशींच्या ऑनलाइन परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. तें महामारीचें वर्ष होतें. कचेऱ्या घरांत आल्या होत्या. ठाण्याच्या नौपाड्यांत काय, कल्याणच्या टिळक चौकांत काय किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर काय, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि एका कोपऱ्यांत नोकरी आणि दुसऱ्या कोपऱ्यांत शाळा चाले, आणि दोन्हींचा भार लॅपटॉप ह्या एका वस्तूवर असे.

अशा घरांत हें यंत्र जेव्हां उठत नाहीं, कळ दाबावी आणि काळा पडदा काळाच राहावा, किंवा बनविणाराचें बोधचिन्ह उमटून गाडी तेथेंच थबकावी, तेव्हां होणारी घालमेल कोणास नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. पण ह्या घालमेलींत एक समजूत हटकून असते, ती म्हणजे आंतलें सगळेंच गेलें ही. मुलाचा प्रबंध गेला, आजोबांचीं छायाचित्रें गेलीं, दहा वर्षांचे हिशेब गेले! ही समजूत बहुधा खोटी असते. ती खोटी कां, हें कळण्यास यंत्रें जागीं कशीं होतात ह्याचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

ठाण्याच्या लोकांनीं आगगाडी प्रथम पाहिली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. बोरीबंदराहून निघालेली ती गाडी साहिब, सिंध आणि सुलतान ह्या तीन इंजिनांनीं २१ मैल ओढून आणली. पुढच्याच वर्षीं, १८५४ च्या मे महिन्यांत, रूळ कल्याणास पोंचले. वाफेचें इंजिन सुरू करणें हें घाईचें काम नव्हे. पाणी भरावें, भट्टींत कोळसा रचावा, पेटवावा, आणि बाष्पपात्रांत पुरेसा दाब येईपर्यंत तासन् तास वाट पाहावी. पण ह्या साऱ्यांत गूढ कांहीं नव्हतें. यंत्राला उठविणारा मनुष्य यंत्राच्या बाहेर उभा असे. आगपेटी त्याच्या खिशांत असे.

विजेनें हा सरळपणा मोडला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत विजेची पहिली गाडी धांवली. तारा पुढें कल्याणपर्यंत आल्या, आणि जी. आय. पी. रेल्वेनें १९२९ सालीं ठाकुर्लीजवळ चोळें येथें स्वतःचें वीजकेंद्र उभारलें. तें केंद्र आतां बंद आहे. पण त्या जातीचीं केंद्रें पुढें जसजशीं मोठीं होत गेलीं, तसतसा एक चमत्कारिक पेंच ठळक होत गेला. बाष्पपात्रांत पाणी लोटणारे पंप, भट्टीला वारा घालणारे पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या हीं सगळीं विजेवर चालूं लागलीं. म्हणजे वीज निर्माण करण्यास आधीं वीज पाहिजे! एकटें केंद्र बंद पडलें तर शेजारून उसनी वीज मिळते. सर्व जाळेंच कोसळलें तर काय करावें? तेव्हां जलविद्युत् केंद्रांची आठवण होते, कारण पाणी सोडलें कीं चक्र फिरूं लागतें, त्याला फारसें आमंत्रण लागत नाहीं. २०१२ च्या जुलैच्या ३० व ३१ तारखेस उत्तरेकडील जाळें लागोपाठ दोनदां कोसळलें, तेव्हां असेंच पायरीपायरीनें सगळें उठवावें लागलें.

संगणकाचा पेंच ह्याच कुळांतला, मात्र तो विजेचा नव्हे, आज्ञेचा. संगणक स्वतः होऊन कांहींहि करीत नाहीं. स्मृतींत ठेवलेली आज्ञा वाचणें आणि ती पाळणें एवढेंच त्याला येतें. पण वीज येतांच त्याची कामाची स्मृति कोरी असते. आज्ञावली चकतीवर आहे. ती चकतीवरून स्मृतींत आणण्यास आज्ञा पाहिजे. आणि ती आज्ञाहि चकतीवरच आहे! इंग्रजांच्या उंच बुटांना मागल्या बाजूस ओढून घालण्यासाठीं कातड्याचा फास असे. तो फास धरून स्वतःलाच उचलणारा माणूस ही तिकडची थट्टेची कल्पना. त्या ‘बूटस्ट्रॅप’ शब्दाचा शेंडा छाटून ‘बूट’ हें क्रियापद झालें. डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेरचा दुरुस्तीवाला ‘मशीन बूट होत नाही’ असें सांगतो, तेव्हां त्याचा संबंध पादत्राणाशीं असतो हें त्याच्याहि ध्यानीं नसतें. आपल्याच खांद्यावर आपण चढावें, असें मराठींत म्हणतां येईल.

ह्या पेंचांतून पहिली सुबक वाट काढली ती केंब्रिज येथें. तेथील एड्सॅक हें यंत्र मे १९४९ मध्यें चालूं लागलें. त्याच्या आरंभीच्या ३१ आज्ञा डेव्हिड व्हीलर ह्या तरुण अभ्यासकानें बेतल्या आणि त्या टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्यें वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर तारांनीं कायमच्या बांधून टाकल्या. कळ दाबली कीं त्या ३१ आज्ञा स्मृतींत उतरत, आणि त्या उतरल्या कीं छिद्रांकित कागदी फितीवरून पुढची आज्ञावली आंत घेत. जें पुसलें जात नाहीं असें थोडें, आणि जें बदलतां येतें असें पुष्कळ, ही विभागणी तेथें झाली ती आजतागायत टिकली आहे. आजच्या लॅपटॉपच्या पोटांतील छोट्या चिपेंत ज्या आरंभीच्या आज्ञा असतात, त्या ह्या ३१ आज्ञांच्या वंशज होत.

महाराष्ट्रांत ही विद्या लवकर आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं तरुणांच्या एका तुकडीनें १९५६ सालीं एक प्रायोगिक संगणक चालवून दाखविला, आणि १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लावलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. ह्या नळ्यांची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. विजेचा साधा दिवा बहुधा लावतांना जातो, जळत असतांना क्वचित् जातो, नळ्यांचेंहि तसेंच. इंग्लंडांत युद्धकाळीं कोलोसस हें यंत्र बांधणारे टॉमी फ्लॉवर्स ह्यांनीं हें ओळखून यंत्र बंदच न करण्याचा नियम घातला होता. बंद न पडलेल्या यंत्राला उठविण्याचा प्रश्नच नाहीं! नळ्या गेल्या, पण आरंभाचा क्षण हाच यंत्राच्या परीक्षेचा क्षण, हें तत्त्व अजून खरें आहे.

१९७५ सालीं अमेरिकेंत आल्टेअर ८८०० हा घरगुती संगणक विकूं लागला. त्याच्या दर्शनी फळीवर खटक्यांची रांग होती. विकत घेणाऱ्यानें ते खटके वर-खालीं करून आरंभीच्या आज्ञा एकेक आकडा ह्याप्रमाणें हातानें भरावयाच्या. एक खटका चुकला कीं पुन्हां पहिल्यापासून. ऑगस्ट १९८१ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें आपला ‘पी. सी.’ बाजारांत आणला, तेव्हां हें सगळें कष्ट एका न पुसणाऱ्या चिपेंत बंदिस्त झालें. तिला ‘बायॉस’ म्हणतात. हें नांव गॅरी किल्डॉल ह्यांच्या आधींच्या सी. पी. एम. ह्या प्रणालींतून आलें. ही चिप नुसती आज्ञा आणीत नाहीं. ती प्रथम आपल्या अवयवांची झडती घेते. स्मृति आहे काय? कळफलक आहे काय? पडदा आहे काय? सर्व ठीक असल्यास एक बारीक शीळ. नसल्यास ठराविक संख्येच्या शिळा. पडदाच बिघडला असेल तर तक्रार पडद्यावर कशी लिहावयाची, म्हणून ही शिळेची भाषा. युक्ति उत्तम होती. तिच्याच शेजारीं मानवी बुद्धीचा एक नमुनाहि कायम राहिला: कळफलक न सांपडल्यास कित्येक यंत्रें अशी सूचना देत कीं, कळफलक नाहीं, पुढें जाण्यासाठीं एफ-१ ही कळ दाबा!

१९८४ च्या पी. सी.-ए. टी. यंत्रांत आणखी एक अवयव आला. घड्याळ आणि यंत्राच्या मांडणीच्या नोंदी जपणारी छोटी स्मृति, आणि तिला जिवंत ठेवणारी छोटी बॅटरी. आज ती बहुधा नाण्याएवढी असते. चारपांच वर्षांनीं ती संपली कीं यंत्राला तारखेचा विसर पडतो. जुनीं यंत्रें तर थेट १ जानेवारी १९८० वर जात. मग इंटरनेटवरील सुरक्षित पानें उघडेनाशीं होतात, कारण प्रमाणपत्राची मुदत आणि यंत्राची तारीख जुळत नाहीं. किरकोळ रकमेच्या ह्या बॅटरीपायीं सबंध यंत्र निकालांत काढल्याचीं उदाहरणें विरळा नाहींत.

झडती संपल्यावर चिप चकतीच्या पहिल्या खणाकडे वळे. तो खण ५१२ बाइटांचा. त्याच्या शेवटीं ठराविक दोन बाइटांची खूण असे. खूण दिसली कीं विश्वास ठेवून तेथील आज्ञा पाळावयाची. येथेंच साऱ्या आपत्तींचें मूळ होतें, कारण खूण पाहणारा खरेंखोटें पाहत नसे. आदल्या दिवशीं वापरलेली फ्लॉपी खोबणींत विसरली कीं यंत्र तिच्याकडे वळून अडून बसे. त्या काळीं ‘संगणक बिघडला’ ह्या तक्रारीचें हें एक नित्याचें कारण होतें, आणि फ्लॉपी काढणें हाच सगळा इलाज. आज फ्लॉपीची जागा विसरलेल्या पेनड्राइव्हनें घेतली आहे, एवढाच फरक. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं केलेला ‘ब्रेन’ हा विषाणु ह्याच पहिल्या खणांत ठाण मांडीत असे आणि फ्लॉपीगणिक पसरे. पुढें २६ एप्रिल १९९९ रोजीं ‘सी. आय. एच.’ नामक विषाणूनें त्याहून खोल घाव घातला. चेर्नोबिलच्या अपघाताची तीच तारीख. त्यानें चकतीचा आरंभ तर पुसलाच, पण कित्येक यंत्रांतील बायॉसची चिपहि खराब केली. तोंवर ती चिप न पुसणारी राहिली नव्हती. सोयीसाठीं ती पुन्हां लिहितां येईल अशी केली होती. व्हीलरनें तारांनीं बांधलेलें जें सोडून दिलें, त्याची किंमत आशियांतल्या हजारों घरांनीं त्या दिवशीं मोजली.

ठाणें जिल्ह्यांत संगणकाचा प्रसार १९८४ च्या उदार धोरणानंतर हळूहळू झाला. आधीं बँका आणि कारखाने, मग शिकवणीचे वर्ग, मग घरें. येथें त्याला मुंबई शहराला फारसा ठाऊक नसलेला शत्रु भेटला. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत मुंबई शहरांत दिवे जळत असतां कल्याण-डोंबिवलीस मात्र रोजचें भारनियमन सोसावें लागे. चकती फिरत असतां, तिच्यावर लेखन चाललें असतां मध्येंच वीज गेली कीं चकतीची अनुक्रमणिका अर्धवट राहते. ग्रंथालयांतील पुस्तकें जागेवर आहेत, पण सूची फाटली, अशी ती स्थिति. दुसऱ्या दिवशीं यंत्र उठत नाहीं, आणि घरचे म्हणतात पुस्तकें गेलीं! त्याच वर्षीं २६ जुलैला सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीचें पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरलें. भिजलेल्या यंत्राविषयींचा धडा असा कीं, तें पाण्यानें तितकें मरत नाहीं जितकें तें घाईनें मरतें. वीज तोडून, बॅटरी काढतां येत असल्यास काढून, उघडून, पुसून, पूर्ण वाळवून मगच कळ दाबावी. ‘चालतें का पाहूं’ म्हणून ओल्या यंत्राला वीज देणें हें त्याला आगींत घालण्यासारखें आहे.

लॅपटॉपनें भारनियमनावर मात केली, कारण तो आपली विहीर आपल्याबरोबर बाळगतो. १९८५ चा तोशिबा टी-११०० हा ह्या वर्गांतील पहिला खपलेला नमुना. १९९१ सालीं सोनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणल्यावर ही जात खरी फोफावली. परंतु विहीर घरांत आली तसा तिचा उपद्रवहि आला. जुनी बॅटरी फुगून कळफलक वर उचलूं लागली, तर ती दाबून बसविण्याचा उद्योग कधींहि करूं नये. ती पेट घेऊं शकते. शिवाय आवरणांत अडकून राहिलेला विजेचा अंश कधीं कधीं यंत्राला मूर्च्छित ठेवतो. चार्जर काढून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरली, मग चार्जर लावून पुन्हां कळ दाबली, कीं मेलेला म्हणून ठरविलेला लॅपटॉप पुष्कळदां उठून बसतो. ह्यास फुंकर घालण्यापलीकडे खर्च नाहीं, तरी दुकानाची वाट धरण्याआधीं तें करणारे थोडे.

यंत्र कोठें अडलें हें इतिहासाच्या ह्या क्रमानेंच शोधावें लागतें. दिवाहि लागत नाहीं, पंख्याचा आवाजहि नाहीं, तर पहिला संशय विजेवर: चार्जर, त्याची खोबण, बॅटरी. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, तर झडतीच्या पायरीवर गाडी अडली. अंधारांत विजेरीचा प्रकाश पडद्यावर तिरपा धरून पाहावा. पुसट चित्र दिसल्यास केवळ पडद्यामागचा दिवा गेला आहे. घरांतील दूरचित्रवाणी संच तारेनें जोडून पाहावा; त्यावर चित्र आलें तर मेंदू शाबूत आहे. स्मृतीच्या पट्ट्या सैल किंवा गंजलेल्या असणें हा आपल्याकडचा खास रोग. ठाण्याच्या खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल ह्यांनीं पट्टीच्या सोनेरी दांतांवर पुट चढतें. लॅमिंग्टन रोडपासून डोंबिवलीपर्यंतचे कारागीर त्यावर एकच औषध करतात: पट्टी काढून तिचे दांत शाळकरी मुलाच्या खोडरबरानें हलके घासतात, कण झटकतात आणि पट्टी नीट बसवितात. पुस्तकांत हा उपाय क्वचितच सांपडेल, आणि जोरानें घासल्यास मुलामाच निघून येईल. पण गुण येतो हें नाकारतां येत नाहीं. बोधचिन्ह येऊन पुढें गाडी जात नसेल, तर अडचण चकतीची किंवा आज्ञावलीची. चकती जुन्या फिरत्या जातीची असून टक् टक् असा आवाज देत असेल, तर मात्र यंत्र तात्काळ बंद करावें आणि पुन्हां पुन्हां सुरू करून पाहूं नये. प्रत्येक प्रयत्नागणिक आंतला मजकूर खरवडला जातो.

चांगला कारागीर ह्या पायऱ्या चढतो. घाईचा कारागीर थेट ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असें म्हणतो. ह्या एका वाक्यानें जितकीं छायाचित्रें आणि जितके प्रबंध नष्ट झाले, तितके विषाणूंनीं केले असतील कीं नाहीं ह्याची शंका वाटते. यंत्र न उठणें आणि मजकूर नष्ट होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दरवाजाचें कुलूप बिघडलें म्हणून कोणी घर पाडीत नाहीं. चकती काढून दुसऱ्या संगणकास जोडली, किंवा पेनड्राइव्हवरून दुसरी एखादी प्रणाली तात्पुरती सुरू केली, तर मजकूर बहुधा जसाच्या तसा हातीं लागतो. तो उतरवून घेतल्याशिवाय फॉरमॅटास संमति देऊं नये, आणि कारागिरास तसें स्पष्ट सांगावें.

जुन्या बायॉसची जागा आतां यू. ई. एफ. आय. नामक नव्या रचनेनें घेतली आहे. २००५ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून तिचें मंडळ स्थापिलें. २०१२ च्या विंडोज ८ पासून नवीं यंत्रें खुणेवर विश्वास ठेवीत नाहींत, सही तपासतात; ‘ब्रेन’च्या वाटेला असा अडसर बसला. त्याच विंडोज ८ नें दुसराहि एक बदल केला, जो अजून बहुतेकांना ठाऊक नाहीं. ‘शट डाउन’ म्हटलें तरी यंत्र पुरतें बंद होत नाहीं. प्रणालीचा गाभा चकतीवर जपून ठेवतें आणि सकाळीं तोच परत उचलतें, म्हणजे लवकर उठल्यासारखें दिसतें. गाभ्यांतच कांहीं अडकलें असेल तर दहा वेळां बंद-चालू करूनहि तेंच तें उगवतें. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखरच पहिल्यापासून उठवितें. ज्याला आयुष्यभर ‘बंद करून चालू कर’ हा उपाय ठाऊक, त्याची ह्या शब्दच्छलानें फसगत व्हावी ह्यांत त्याचा दोष नाहीं.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारीं ह्या साखळींतली एक कडी साऱ्या जगांत एकदमच तुटली. क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीनें आपल्या रक्षक आज्ञावलीसाठीं पाठविलेली एक सदोष फाइल वाचतांच विंडोज यंत्रें निळा पडदा दाखवून कोसळत, पुन्हां उठत आणि तीच फाइल वाचून पुन्हां कोसळत. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें सुमारें ८५ लाख यंत्रें ह्या फेऱ्यांत सांपडलीं. भारतांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. दुरुस्त फाइल थोड्याच वेळांत पाठविण्यांत आली, परंतु न उठणारें यंत्र ती घेणार कशी? पुष्कळ ठिकाणीं मनुष्यानें प्रत्येक यंत्रापुढें बसून तें ‘सेफ मोड’ ह्या किमान अवस्थेंत उठवावयाचें, ती एक फाइल पुसावयाची आणि पुढल्या यंत्राकडे वळावयाचें. तेथेंहि कित्येकांचे हात अडले, कारण चकत्या सांकेतिक कुलुपाखालीं होत्या आणि किल्लीचे ४८ आकडे कोणी लिहून ठेवले नव्हते. घरगुती लॅपटॉपवरहि हें बिटलॉकर कुलूप आतां पुष्कळदां न विचारतां लावलेलें असतें, आणि त्याची किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत साठविलेली असते. यंत्र चांगलें चालू असतांनाच ती तेथून उतरवून घेऊन शिधापत्रिका आणि विम्याच्या कागदांबरोबर कपाटांत ठेवतां येते.